बारा ते तीन

दिवाकर साळवे यांना आमच्या चर्चमध्ये त्यांच्या हुद्द्याने कोणी हाक मारत नाही. केरळच्या नर्स मुली त्यांना 'अंकल' म्हणतात, झाबुआकडची मंडळी 'साळवेजी', गायनवृंदातली पोरं 'दिवाकर भिया', आणि मी काका. काम एकच. चर्चच्या किल्ल्या सांभाळायच्या, मिस्साची, म्हणजे वेदीवरच्या उपासनेची, भांडी मांडायची, मेणबत्त्या, घंटा, फुलं बघायची, आणि फादर सोडून बाकी सगळ्यांवर डाफरायचं. हे शेवटचं काम त्यांना कोणी सोपवलेलं नाही, पण तेच ते सगळ्यात मनापासून करतात.

मी मूळची राहात्याची. इंदूरला इंजिनीयरिंग कॉलेजात नोकरी लागली म्हणून इकडे आले. आमच्या नगर जिल्ह्यात मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, फादर ओरडणार तेसुद्धा मराठीत. इथे सगळा कारभार हिंदीत. आमचा उपवासकाळ, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस, इथे 'चालीसा' होतो. पहिल्याच रविवारी बाकाला पाय ठेचकाळला आणि तोंडून "अगं आई गं" निघालं, तर मागून आवाज आला, "नगरकडची का?" काकांचे वडील संगमनेरहून इथल्या मिलमध्ये आले होते. तेव्हापासून माझं रविवारचं जेवण साळव्यांकडे ठरलेलं.

काका तेहतीस वर्षं सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि पाना-पक्कड घेऊन थेट देवाच्या घरात शिरले. चर्चमधला एकही बिजागर, एकही पंखा त्यांनी उघडल्याशिवाय सोडला नाही. त्यांच्या तळपायाला मोठं कुरूप आहे. अनवाणी उभं राहवत नाही, आणि बाहेरच्या चपला आत चालत नाहीत. म्हणून भानुमतीकाकूंनी त्यांना फक्त चर्चमध्ये घालायला कापडी चपला शिवून दिल्या. त्यांना जांभळ्या मखमलीचे पट्टे लावले. मी चिडवायचे, "काका, पायांनी बिशप झालात, आता फक्त टोपी राहिली." काकू हसायच्या आणि काका खूश व्हायचे.

काकूंचं कौतुक करायला काकांना निमित्त लागत नाही. त्यातलं एक मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. काकांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. काका रात्रपाळीला, घरात काकू एकट्या. "माझ्या आईला हिने तळहातावर जपलं, ईशा. शेवटच्या रात्रीपर्यंत चमच्याने पाणी पाजलं. मी कामावर होतो, पण मला टेंशन नव्हतं." लग्नात, बारशात, अगदी मयतीतही हे वाक्य यायचं. काकू अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जायच्या. मला वाटायचं, लाजतात. माझी अक्कल तेवढीच.

मागच्या वर्षीच्या उपवासकाळात जे झालं, ते आता सांगते. त्यात एक कबुली आहे, आणि काकांनी ती माझ्यापाशी कधी उच्चारली नाही. ती मला कशी कळली ते शेवटी येईलच.

राखेच्या बुधवारनंतरचा पहिला शुक्रवार होता. दुपारचे साडेतीन. संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणयात्रेची चौदा स्थानं घेत करायची प्रार्थना, व्हायची होती आणि तिच्याआधी कन्फेशन, फादरपाशी पापांची कबुली. फादर डामोर एका आजाऱ्याला बघायला इस्पितळात गेले होते. चर्चमध्ये काका एकटे. त्यांनी कन्फेशनची पेटी साफ करायला काढली. पेटी म्हणजे लाकडी खोपटंच. मध्ये फादरांची खुर्ची, बाजूला बारीक जाळी, जाळीपलीकडे गुडघे टेकायची फळी. पुढे जांभळा पडदा, काकूंनीच शिवलेला, वीतभर आखूड. वर एक लाल दिवा. तो पेटला की समजायचं, फादर आत आहेत.

आता काकांचं फिटर डोकं बघा. वायर वाचावी म्हणून त्यांनी आतला दिवा आणि बाहेरचा लाल दिवा एकाच बटणावर घेतला होता. कोळिष्टकं दिसावीत म्हणून त्यांनी आतला लावला, आणि बाहेर लाल पेटला. पडद्याच्या कड्या तपासायला पडदा ओढून घेतला. कुरूप ठणकत होतं, म्हणून घटकाभर फादरांच्या खुर्चीत टेकले. तेवढ्यात जाळीपलीकडची फळी करकरली.

"फादर, मुझे आशीर्वाद दीजिए। मैंने पाप किया है।"

कुजबूज होती. कुजबुजीला चेहरा नसतो, वय नसतं. एरवी ओळखीचा असलेला आवाजही कुजबुजला की परका होतो. काका म्हणतात, "मी तोंड उघडलं होतं गं. 'मी फादर नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडे नळ सुटल्यागत सुरू झालं."

घरात एक म्हातारी होती, बिछान्यावर पडलेली. एका रात्री तिने तीनदा पाणी मागितलं. लोटा हातभरावर होता. "मैं जाग रही थी, फादर। मैंने आँखें बंद रखीं। चौथी बार उसने नहीं माँगा।" सकाळी म्हातारी गार पडली होती.

एवढंच. पुढे नुसता श्वास ऐकू येत होता.

काकांना त्या क्षणी दुसरं काही दिसेना, फक्त स्वतःची आई दिसली. चमच्याने पाणी पिणारी, भानूच्या हातून. एकीकडे असली सून आणि एकीकडे ही कोण चांडाळीण! त्याच संतापात, जाळीच्या अलीकडून, त्यांनी कुजबुजत शिक्षा सुनावली.

"ईस्टर तक रोज़, दोपहर बारह से तीन, पानी नहीं पीना। एक बूँद नहीं।"

बारा ते तीन म्हणजे येशू क्रुसावर होता ते तीन तास. त्याच तासांत तो 'मला तहान लागली आहे' म्हणाला. काकांना ते कसं सुचलं, त्यांनाच ठाऊक नाही. मग पलीकडून आवाज आला, "रोज़?"

"रोज़।"

"जी।"

फळी करकरली. अनवाणी पावलं गेली. पापक्षमेचे शब्द काकांनी उच्चारले नाहीत, तेवढी त्यांची जीभ रेटली नाही. पण फादरच्या खुर्चीत बसून त्यांनी एका माणसाचं पाप ऐकलं होतं आणि वर प्रायश्चित्तही दिलं होतं. चर्चमध्ये याहून मोठी आगळीक सामान्य माणसाच्या हातून क्वचितच होते. ते बाहेर आले, तर चर्च रिकामं होतं.

दाराशी पवित्र पाण्याचं दगडी पात्र आहे. उपवासकाळात आम्ही त्यातलं पाणी काढून कोरडी वाळू भरतो. देवळात शिरताना बोट बुडवायला जावं आणि वाळू लागावी, म्हणजे आपण कोणत्या दिवसांत आहोत ते आठवतं. काकांनी बुधवारी स्वतः ती वाळू भरली होती. आता तिच्या मधोमध एक ओला खळगा होता, पेलाभर पाणी कोणी शांतपणे ओतावं तसा.

काकांनी लाल दिवा बंद केला आणि बाकावर बसून राहिले. संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला शंभरेक माणसं आली. त्यातली एक बाई आपल्या शब्दावर चालते आहे, आणि आपला शब्द खोटा आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

फादरना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर फादरनी मार्ग काढला असता. पण सांगणं म्हणजे किल्ल्या परत करणं, आणि किल्ल्यांशिवाय दिवाकर साळवे म्हणजे कुरूप झालेला एक म्हातारा. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचं काय असतं, ते उद्यावरच जातं.

दुसऱ्या शुक्रवारी दुपारी ते मुद्दाम पेटीत जाऊन बसले. दिवा लावला, पडदा ओढला. ती बाई पुन्हा आली तर खरं सांगून टाकायचं. बाहेर सगळं सामसूम होतं. बऱ्याच वेळाने फळी करकरली. जाळीपलीकडे कोणी बोललं नाही. फक्त श्वास. कोरड्या घशातून येणारा, जरा घरघरणारा. काकांची आई शेवटी शेवटी असाच श्वास घ्यायची.

"कौन?" काका म्हणाले. त्यांचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

धीर करून त्यांनी पडदा सरकवला. फळीवर कोणी नव्हतं. दाराशी वाळूत ओल होती.

तिसऱ्या शुक्रवारी ओल. चौथ्या शुक्रवारीही. काका वाळू बदलायचे, उन्हात वाळवायचे, आणि शुक्रवारी पुन्हा ओल. माझ्याशी ते अर्धंच बोलायचे. "ईशा, मेलेल्या माणसाला तहान लागते का गं?" मी म्हटलं, "काका, तुम्ही उपासाने हलके झालात, दोन पोळ्या जास्त खा." मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांचे डोळे गमतीचे नव्हते.

रविवार सोडले तर उपवासकाळभर काका सकाळी डबा घेऊन चर्चला जात आणि संध्याकाळीच घरी येत. दिवसभर ते माणसं निरखायचे. क्रुसाच्या वाटेत दर स्थानापाशी सगळे मिळून प्रतिसाद देतात, तेव्हा त्या शंभर आवाजांत ते एक कुजबूज शोधायचे. बायकांचे ओठ बघायचे. कोणाचे सुकलेत, कोणाचे फुटलेत. साठीच्या पुढचा पुरुष बायकांच्या ओठांकडे बघतोय म्हटल्यावर दोघीतिघींनी जागा बदलली. शेवटी त्यांचा संशय चारुलताबाईंवर बसला. या गायनवृंदात पहिल्या ओळीत उभ्या राहतात, शाळेतून निवृत्त झाल्यात, आवाज खणखणीत. त्यांची सासू दोन वर्षांपूर्वी अशीच अंथरुणावर गेली होती. एका दुपारी सभेत काकांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. बाईंनी हात आडवा केला. "नहीं भिया, चालीसा है।"

काका घरी येऊन काकूंना म्हणाले, "ती चारुलता आहे ना, दुपारची पाणी पीत नाही म्हणे. काय असेल गं?"

काकू ताक घुसळत होत्या. "असेल काही," त्या म्हणाल्या. "कोणाच्या घशात काय अडकलेलं असतं, आपल्याला काय माहीत."

पाचव्या रविवारी चर्चमधल्या सगळ्या मूर्तींवर जांभळी कापडं चढतात. मला लहानपणापासून त्या दिवसांची भीती वाटते. ओळखीचे संत नाहीसे होतात आणि जागोजागी नुसते उभे आकार राहतात, तोंड बांधलेले. काका एकटे शिडीवर चढून ती कापडं बांधत होते. म्हणाले, "मारिया माउलीच्या पायाशी गाठ मारली आणि वाटलं, कापडाआतून कोणी ओठ हलवतंय." शिडी धरायला कोणी नव्हतं. ते तसेच उतरले आणि उरलेल्या दोन मूर्ती दुसऱ्या दिवशी झाकल्या.

मागच्या वर्षी ईस्टर उशिरा आला, वीस एप्रिलला. तोवर इंदूर तापून निघालं. पारा एक्केचाळीसच्या वर. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. एक शिकवणीचा मुलगा चक्कर येऊन पडल्याचं पेपरात आलं, आणि काकांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. आता त्यांना पापापेक्षा उन्हाची धास्ती होती. एक बाई बारा ते तीन कोरड्या घशाने कुठे तरी बसलीये, आपल्या एका वाक्यामुळे. ती मेली तर? त्यांनी दोनदा फादर डामोरांच्या खोलीचं दार वाजवलं. दोन्ही वेळा आत गेल्यावर विचारलं, "मोमबत्ती कितनी मँगवाऊँ, फादर?"

इथे मला स्वतःलाही एक टोला हाणायचाय. या सहाही रविवारी मी साळव्यांकडे जेवत होते, बरोब्बर दुपारी एक वाजता. काकू वाढायच्या. माझा पेला रिकामा झाला की भरायच्या, काकांचा भरायच्या. घरातली बाई स्वतः पाणी प्यायली का, हे पुरुष बघत नाहीत असं म्हणायची आपल्याला सवय आहे. मी तरी कुठे बघितलं?

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. त्या दिवशी आमची क्रुसाची वाट चर्चच्या आवारात, भर दुपारी निघते. दीड वाजता सुरुवात, चौदा स्थानं, आणि तीनला आतली प्रार्थना. गुरुवारपासून घंटा मुक्या असतात. घंटेऐवजी काकांनी कारखान्यात बनवलेला लाकडी खटखट्या वाजतो. दर स्थानापाशी काका तो फिरवत आणि ठक् ठक् ठक् असा कोरडा आवाज भिंतींवर आदळे. काका सोडून आम्ही सगळे अनवाणी, डोक्यावर पदर नि रुमाल, जमीन तव्यासारखी. काका खटखट्या फिरवायचे आणि चारुलताबाईंकडे बघायचे. बाई खणखणीत गात होत्या.

बारावं स्थान म्हणजे येशूचं मरण. सगळे गुडघ्यांवर गेले. फादर डामोरांनी वाचलं, "मैं प्यासा हूँ." मग शांतता. मग उठायची वेळ झाली, सगळे उठले, आणि माझ्या शेजारच्या काकू उठल्याच नाहीत. तशाच एका कुशीवर कलंडल्या.

मी पिशवीतून बाटली काढली. चारुलताबाईंनी गाणं सोडून काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. मी बाटली तोंडाला लावली, तर काकूंनी दात आवळून धरले. ओठ सालपटं निघालेले. मी म्हटलं, "काकू, पाणी आहे, प्या ना." त्यांनी मान फिरवली आणि कुजबुजल्या, "तीन बजे।"

माझ्याशी कधी हिंदीत न बोलणारी बाई हिंदीत बोलतेय, म्हणजे ऊन डोक्यात गेलं, असं मला वाटलं. तोवर काका गर्दीतून पोचले होते. मी बाटली त्यांच्या हातात कोंबली. "तुम्ही पाजा, माझं ऐकत नाहीत."

"तीन बजे," काकू पुन्हा म्हणाल्या. तीच कुजबूज. चेहरा नसलेली, वय नसलेली.

काकांनी खटखट्या खाली टाकला. बाटली हातात धरून ते उभे राहिले. नुसते उभे. मी त्यांच्याकडे वर बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. त्यांच्या पायाशी त्यांची बायको पाण्यावाचून तडफडत होती आणि ते तिच्याकडे असे बघत होते, जसं आपण बंद दाराकडे बघतो.

"तीन बजे," काकू तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"काका!" मी ओरडले. "बघताय काय!"

ते दचकले. गुडघ्यांवर बसले. माझ्या घड्याळात तीनला वीस मिनिटं कमी होती. काका वाकून म्हणाले, "तीन वाजले, भानू. वाजले तीन. पी." शुभ शुक्रवारी, क्रुसासमोर, शंभर माणसांदेखत ते खोटं बोलले. काकूंनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. अख्खी बाटली संपवली.

संध्याकाळपर्यंत सलाईन लागलं, रात्री काकू घरी आल्या. शनिवारी सकाळी काका फादर डामोरांकडे गेले. वेदी उघडी पडलेली, मूर्ती झाकलेल्या, घंटा मुक्या. यावेळी त्यांनी मेणबत्त्यांचं विचारलं नाही. जाळीच्या पलीकडे, कबुली देणाऱ्याच्या फळीवर गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. कोणाचा आवाज, ते सांगितलं नाही. फादर तरुण आहेत, झाबुआकडचे, बोलतात हळू.

"जो सुना, वो आपके मुँह से कभी नहीं निकलेगा," फादर म्हणाले. "पर उस इंसान को इतना बताना पड़ेगा कि वहाँ पुरोहित नहीं था। ये आप ही बताओगे। आज ही।"

आणखी एक गोष्ट काकांनी फादरना सांगितली, ती नंतर मलाही सांगितली. हे सांगताना ते रडले, म्हणून मी ती त्यांच्याच शब्दांत ठेवते. "पाणी माझ्या हातात होतं, ईशा. हातभरावर तिचं तोंड. आणि माझा हात उचलत नव्हता. मला ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. तरी मी थांबलो. तीनदा बोलली तोवर थांबलो. तू ओरडली नसतीस तर किती थांबलो असतो, मला माहीत नाही." मग म्हणाले, "आई गेली त्या रात्री मी पाळीवर होतो, म्हणून सत्तावीस वर्षं चांगला राहिलो. घरी असतो, तर कोण जाणे."

बाकीचं मला ईस्टर सोमवारी काकूंनी सांगितलं. काका अंगणात होते. काकूंनी आधी मला सासूबाईंच्या त्या रात्रीबद्दल सांगितलं. दिवसभरात तीन वेळा अंथरूण बदललेलं. दोन वर्षांत सलग चार तास झोप नाही. "उठले असते तर पडले असते, असं वाटलं. आणि खरं सांगू? वाटलं, ओरडू दे. एकदा तरी ओरडू दे." सकाळी काका कामावरून आले, आईच्या थंड कपाळाला हात लावला आणि भरल्या डोळ्यांनी काकूंना म्हणाले, "तू होतीस म्हणून ती सुखाने गेली." त्यानंतर सांगायला जागाच उरली नाही. काका दर वेळी कौतुक करायचे आणि काकू दर वेळी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या.

शनिवारी काका घरी आले, खाटेशी स्टूल ओढून बसले. चर्चमधल्या चपला त्यांच्या पायात तशाच राहिल्या होत्या, काढायचं भान नव्हतं.

"भानू," ते म्हणाले, "त्या शुक्रवारी पेटीत फादर नव्हते."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या.

काकूंनी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"पडदा आखूड नाही का? खाली चपला दिसत होत्या. त्याच मखमलीतून पट्टे कापले म्हणून तर पडदा कमी पडला. माझ्या हातचे टाके मला ओळखू येणार नाहीत होय?"

त्या दिवशी काकू फादरकडेच जायला निघाल्या होत्या. लाल दिवा बघितला, मग चपला बघितल्या, आणि मागे फिरल्या. दोन पावलं गेल्या. "मग वाटलं, सत्तावीस वर्षं फादरना सांगत आले. इतके फादर आले नि गेले, प्रत्येकाने माफ केलं. देवाचं केव्हाच मिटलं होतं हो. तुमचं राहिलं होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, जाळीतून झाली. मराठीत बोलले असते तर तुम्ही पडदा सरकवला असता, म्हणून हिंदीत बोलले." दुसऱ्या शुक्रवारी त्या पुन्हा गेल्या, 'मीच आहे' एवढं सांगायला. पण काकांनी ज्या आवाजात "कौन" विचारलं, त्याने त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि त्या पळाल्या. "आणि शिक्षा तुम्ही दिली होती, आईंच्या मुलाने. ती मी का मोडू?"

"आणि वाळू?" काकांनी विचारलं.

"त्यांच्यासाठी ओतलं. घरून पेलाभर नेत होते. तीनदा मागितलं होतं ना त्यांनी, म्हणून तीन शुक्रवार."

काकांनी सहा शुक्रवार ओल बघितली होती. सहाही वेळा वाळू स्वतः बदलली होती. त्यांनी ते काकूंना सांगितलं. काकूंनी बोटांवर मोजून बघितलं आणि पुन्हा म्हणाल्या, "मी तीनदाच गेले." मी चर्चमध्ये चौकशी केली, चारुलताबाईंनाही विचारलं. उरलेले तीन पेले कोणी ओतले, ते आजवर कळलेलं नाही, आणि मी आता विचारणं सोडलंय.

"मग काका काय म्हणाले?" मी काकूंना विचारलं. "माफ केलं म्हणाले का?"

काकूंनी अंगणाकडे बघितलं. काका तिथे तारेवर जांभळी कापडं वाळत घालत होते.

"काही म्हणाले नाहीत," काकू म्हणाल्या. "मला घसा कोरडा वाटत होता, म्हणून मी सहज म्हटलं, पाणी. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, कुरूप असून अनवाणी आत गेले, आणि तांब्या भरून आणला."